'हत्यार टाका, शरण या': पत्रक वाचून सैनिक खरंच येतो का?

प्रश्न असा आहे: युद्धात शत्रूच्या मोर्च्यांवर विमानातून 'शरण या' अशी पत्रकं टाकतात, ती वाचून कुणी खरंच हत्यार खाली ठेवतं का? ठेवत असेल तर त्या कागदात असं असतं तरी काय? आणि मोबाइलच्या जमान्यात हा खटाटोप कशाला?

मी बरीच वर्षं लष्करी अधिकाऱ्यांना मानसिक युद्ध हा विषय शिकवला. मूळ पत्रकं टेबलावर पसरून शिकवायची सवय होती, त्यामुळे बोलताना तीच डोळ्यांसमोर येतात. उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ सांगतो. येतात. पण पत्रक वाचलं, मन पालटलं आणि गडी निघाला, असं फारसं घडत नाही. जो मनानं आधीच निघालेला आहे, त्याला पत्रक वाट दाखवतं. आणि ती वाट आपल्या बाजूनं मोकळी ठेवायची जबाबदारी आपल्याच माणसांची असते. जी पत्रकं वाया गेली, त्यातली बरीचशी मजकुरामुळे नव्हे तर इथे गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या दोन अभ्यासकांनी जर्मन सैन्य शेवटपर्यंत का लढलं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघंही युद्धात याच कामावर होते, त्यांच्यासमोर जर्मन कैद्यांच्या जबान्या होत्या. निष्कर्ष असा की सामान्य जर्मन सैनिक हिटलरच्या तत्त्वज्ञानासाठी कमी आणि शेजारच्या खड्ड्यात बसलेल्या आपल्या सोबत्यांसाठी जास्त लढत होता. तुकडी शाबूत आहे, जेवण वेळेवर येतंय, वरचा अधिकारी भरवशाचा आहे, तोवर 'तुमचा नेता खोटारडा आहे' अशा पत्रकाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नव्हता. तुकडी फुटली, सोबती मेले, अनोळखी माणसांत नेऊन टाकलं, दोन दिवस अन्न नाही, अशी वेळ आली की मगच तो कागद उलटून पाहायचा.

म्हणून नवशिक्यांना मी पहिली सूचना द्यायचो ती ही: राजकारण काढून टाका. अशा अवस्थेतल्या माणसाच्या डोक्यात 'आपली बाजू न्याय्य आहे का' हा प्रश्न नसतोच. समोरचे मला गोळी घालतील का? मागून माझेच लोक घालतील का? जायचं कसं, कुठून, हात कसे धरायचे? आणि घरच्यांचं काय होईल? पत्रकाला उत्तरं द्यायची असतात ती यांची.

मजकूर लिहिणाऱ्या अनुभवी लोकांना हे फार आधी उमगलं होतं. १९१८ साली अमेरिकी सैन्यानं फ्रान्सच्या आघाडीवर जर्मनांवर एक कार्ड टाकलं. त्याचा घाट लष्करी टपालाच्या कार्डासारखा. घरच्यांचा पत्ता लिहा, पकडले गेलात तर पहिल्या भेटणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या हाती द्या, तुम्ही सुखरूप आहात हे तो घरी कळवेल, असं त्यावर म्हटलेलं. आणि सोबत जेवणाची यादी: गोमांस, पांढरा पाव, बटाटे, लोणी, तंबाखू, अस्सल कॉफी. नाकेबंदीमुळे जर्मनीत तेव्हा बनावट कॉफी पीत होते, त्यामुळे 'अस्सल' हा शब्द बरोबर वर्मी बसणारा. लोकशाही, सम्राट, युद्ध कुणी सुरू केलं, यातलं काही नाही. भूक आणि घर, एवढंच. त्याहून जुना दाखला हवा असेल तर १७७५ मधला बॉस्टनचा वेढा घ्या. अमेरिकी बंडखोरांनी ब्रिटिश शिपायांकडे चिठ्ठ्या पोचवल्या, त्यात दोन्ही फौजांचे तळ असलेल्या दोन टेकड्यांची तुलना होती. आमच्याकडे महिना सात डॉलर, ताजं अन्न, आरोग्य आणि शेतजमीन. तुमच्याकडे दिवसाला तीन पेन्स, सडलेलं खारवलेलं डुकराचं मांस आणि स्कर्व्ही. अडीचशे वर्षांत कलम फारसं बदललेलं नाही.

आता त्या पत्रकाकडे येतो ज्यावर मी पूर्ण तास घ्यायचो. १९४४ साली दोस्त राष्ट्रांच्या पश्चिम आघाडीवरच्या मुख्यालयानं काढलेलं अभयपत्र, 'पासिअरशाइन'. सांकेतिक क्रमांक झेडजी ६१. माझ्या मते या प्रकारातलं दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात हुशार काम हेच.

हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतो तो कागद. इतर पत्रकं रद्दीसारख्या कागदावर छापलेली असत, हा चांगला. मजकुरामागे नोटेवर किंवा रोख्यावर असते तशी बारीक वळणावळणाची नक्षी. वर अमेरिकेची आणि ब्रिटनची राजमुद्रा, खाली सरसेनापती आयझेनहॉवर यांची छापील सही. दिसायला पत्रक नव्हेच, सरकारी दस्तऐवज. शिक्का-सहीच्या कागदाला मान देण्याची जर्मन सैनिकाची सवय कैद्यांशी बोलताना पुन्हा पुन्हा समोर आली होती, त्यातून हे रूप ठरलं.

पण खरी करामत मजकुरात आहे. त्यात जर्मन सैनिकाला 'तू शरण ये' असं म्हटलेलंच नाही. मजकूर उद्देशून आहे तो ब्रिटिश आणि अमेरिकी चौक्यांना. हे पत्र दाखवणारा जर्मन सैनिक मनापासून शरण येऊ इच्छितो, त्याचं हत्यार काढून घ्या, त्याला नीट वागवा, अन्न द्या, लागल्यास औषधोपचार करा आणि लवकरात लवकर धोक्याच्या जागेवरून हलवा. हेच इंग्रजीत, हेच जर्मनमध्ये. म्हणजे जर्मन सैनिक जे वाचतोय तो त्याच्यासाठीचा प्रचार नाही. शत्रूच्या सेनापतीनं शत्रूच्याच शिपायाला दिलेला हुकूम तो वाचतोय. विनवणीवर संशय येतो. दुसऱ्याला दिलेल्या लेखी हुकमावर तितका येत नाही. शिवाय चौकीवरच्या अमेरिकी पोराला जर्मन येत नसलं तरी सही ओळखता येते. अंधारात हात वर करून येणाऱ्या माणसाकडे बघून ज्याचं बोट चापावर थरथरतंय त्याला हे कागदावर दिसणं गरजेचं असतं. पाठीमागे युद्धकैद्यांच्या वागणुकीचे नियम: जेवण, पत्रव्यवहार, युद्ध संपल्यावर घरी परत. अवाजवी काही नाही.

अधिकाऱ्यांना मी विचारायचो, या पत्रकाचा पहिला वाचक कोण? बहुतेक जण 'शत्रूचा सैनिक' म्हणायचे. चुकीचं नाही, पण अर्धं. पहिला वाचक आपला पहारेकरी. त्यानं नाही वाचलं तर दुसऱ्यानं वाचून उपयोग शून्य.

याचं सगळ्यात कडवट उदाहरण पॅसिफिकमधलं. जपानी सैनिक शरण येत नाहीत असं दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं. १९४१ च्या जपानी युद्धसंहितेत कैदी होण्याची नामुष्की पत्करून जगू नये असं स्पष्ट बजावलेलं होतं. पण दुसरी बाजूही होती. जो एखाद-दुसरा हात वर करून यायचा त्यालाही अमेरिकी सैनिक अनेकदा तिथेच गोळी घालायचे. काही फसवे शरण आलेले म्हणून, काही सूडानं. १९४३ मधल्या एका गुप्त अहवालात नोंद आहे की जिवंत कैदी आणावा म्हणून आपल्याच शिपायांना आइस्क्रीमचं आणि तीन दिवसांच्या रजेचं आमिष दाखवावं लागेल. पत्रकं छापणाऱ्यांची अर्धी शक्ती आपल्याच पलटणींना पटवण्यात गेली: जिवंत कैदी नकाशा सांगतो, सुरुंग सांगतो, आणि आपली माणसं वाचतात.

आकडे बोलके आहेत. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावावर साडेचार हजारांहून मोठ्या फौजेतले १७ जपानी सैनिक जिवंत हाती लागले, बाकीचे कैदी कोरियन मजूर. १९४५ च्या सुरुवातीला इवो जिमावर सुमारे २१ हजारांतले दोनशेच्या वर. आणि त्याच वर्षी ओकिनावाच्या मोहिमेत ७ हजारांहून जास्त. तिथे लाखांनी पत्रकं टाकली गेली हे खरं, पण तेवढ्यानं श्रेय पत्रकाला देऊ नका. ओकिनावात स्थानिक भरतीचे लोक बरेच होते, लढाई लांबली होती, आणि तोवर कैदी घेण्याची शिस्तही बरीच बसली होती. पत्रकंही सुधारली होती. कैद्यांचे फोटो छापताना चेहरे झाकायला लागले, कारण ओळख पटली तर गावाकडे घरच्यांची मान खाली जाणार. चेहरा दिसणं हा पुरावा. चेहरा झाकणं ही दया. जपानी वाचकाला या झाकण्याचाच जास्त आधार वाटला.

उलट, दिलेला शब्द मागच्या बाजूला मोडला जात असेल तर काय होतं ते रशियाच्या आघाडीवर दिसलं. १९४१ मध्ये जर्मनांनी लाल सैन्यावर अभयपत्रांचा पाऊस पाडला. परवलीचा शब्दही ठरवून दिला, 'संगिनी जमिनीत' या अर्थाच्या रशियन शब्दांची तीन आद्याक्षरं, म्हणजे खिशात कागद बाळगायची गरज नाही. स्टालिनचा मुलगा याकोव्ह त्या जुलैत पकडला गेला, त्याचा फोटोही पत्रकावर छापला. तंत्र म्हणून काही कमी नव्हतं. सुरुवातीच्या महिन्यांत लाखोंनी कैदी मिळाले, ते मुख्यतः वेढे पडले म्हणून. पण त्या कैद्यांना उघड्या माळावर काटेरी कुंपणात ठेवलं, उपाशी मारलं. युद्धभरात सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले. अशी बातमी लपत नाही. पळून आलेले सांगतात, मुक्त झालेल्या गावांतले लोक सांगतात. मग कितीही सुबक पत्रक काढा, वाचणारा हसतो किंवा थुंकतो. लाल सैन्याच्या बाजूनंही ऑगस्ट १९४१ चा २७० क्रमांकाचा हुकूम होताच: शरण जाणारा गद्दार, अधिकारी असेल तर कुटुंबाला अटक. मागे ही धास्ती, पुढे ती छावणी.

हाच फास नंतर जर्मनांच्या गळ्यात आला. ८ जानेवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडमधल्या वेढलेल्या सहाव्या सैन्याला सोव्हिएत सेनापतींनी शरणागतीच्या अटी कळवल्या आणि त्याची पत्रकंही टाकली. अन्न मिळेल, जखमींवर उपचार होतील, पदकं आणि खाजगी वस्तू तुमच्याकडेच राहतील. अटी उदार होत्या. सहाव्या सैन्याचा सेनापती पाउलस यानं त्या नाकारल्या, आणि खालच्या सैनिकांनाही रशियन कैदेची जी धास्ती होती ती निराधार नव्हती: अखेरीस पकडलेल्या सुमारे ९१ हजारांपैकी पाच-सहा हजारच मायदेशी परतले.

सत्य आणि विश्वासार्हता या दोन गोष्टी वेगळ्या, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड गणित. खोटं लिहू नये हे सगळ्यांना पटतं. एक खोटं पकडलं गेलं की पुढची शंभर खरी पत्रकं मेली. पण खरं असूनही लिहू नये असं काही असतं, हे पटवायला वेळ लागतो. दोस्तांच्या पत्रकलेखनाचं काम पाहणारे मार्टिन हर्झ यांनी युद्धानंतर याचा दाखला दिला. अमेरिकेतल्या छावण्यांमध्ये जर्मन कैद्यांना न्याहारीला अंडी मिळायची, ही वस्तुस्थिती. पण महिनोन् महिने पाव आणि पातळ सूपवर जगणाऱ्या सैनिकाला ते वाचून हसू यायचं. एवढी थाप? आणि मग शेजारची खरी वाक्यंही थापच ठरायची. अशा वेळी सत्य थोडं खाली उतरवून सांगावं लागतं. 'पोटभर जेवण' लिहावं, अंडी त्याला तिथे गेल्यावर दिसतील.

विश्वास न बसण्याची हद्द म्हणजे हिरू ओनोदा. फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर हा जपानी अधिकारी तीन सोबत्यांसह डोंगरात राहिला होता. युद्ध संपलं, खाली या, अशी पत्रकं १९४५ मध्येच त्यांना सापडली. त्यांनी ती खोटी ठरवली. मग फिलिपिन्समधल्या जपानी फौजेचे सेनापती जनरल यामाशिता यांच्या नावाचा हुकूम छापलेलं पत्रक आलं. त्याचा शब्दन् शब्द तपासून तेही बनावट ठरवलं. १९५२ मध्ये घरच्यांची पत्रं आणि फोटो टाकले, शत्रूची चाल म्हणून तेही बाजूला. सोबत्यांपैकी एक १९५० मध्ये शरण गेला, दोघं पुढे चकमकींत मारले गेले. ओनोदा बाहेर आला तो मार्च १९७४ मध्ये, त्याचा जुना वरिष्ठ मेजर तानिगुची स्वतः बेटावर जाऊन तोंडी हुकूम सुनावून आला तेव्हा. लोक ही गोष्ट वेडेपणाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. शत्रूची पत्रकं खोटी असतात हे त्याला पढवलेलं होतं, आणि तो नेमून दिलेलं काम चोख करत होता. ज्या माणसाच्या शब्दाला वजन होतं त्यालाच पाठवायला हवं होतं, एवढाच त्यातला अर्थ. कागदाला स्वतःची पत नसते.

चित्रांबद्दल थोडं, कारण इथे हसण्यासारख्या चुका सापडतात. जर्मन आणि जपानी प्रचारकांना वाटलं, 'तू इथे मरतोयस आणि तिकडे तुझी बायको दुसऱ्याबरोबर आहे' असं चित्र दाखवलं की सैनिक खचेल. जपान्यांनी ऑस्ट्रेलियन सैनिकांवर त्यांच्या बायकांसोबत अमेरिकन दाखवणारी अशीच चित्रं टाकली. सैनिकांनी ती आवडीनं गोळा केली, अदलाबदल केली, भिंतीवर लावली. खचणं सोडाच. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकनांनी शहाणपणा केला: पत्रकांचे नमुने आधी पकडलेल्या आणि पळून आलेल्या इराकींना दाखवले. त्यांनी सांगितलं की लाल रंग टाळा, तो धोक्याचा वाटतो. चित्रातल्या सैनिकांना दाढी दाखवा, ती आपुलकीची वाटते. जेवणाच्या चित्रात केळी घाला, ती चैनीची वस्तू आहे. आणि माणसाच्या डोक्यावर ढग काढून त्यात विचार दाखवायची व्यंगचित्रांची पद्धत काहींना कळतच नव्हती. यातलं एकही टेबलावर बसून सुचलं नसतं.

त्या युद्धात जवळपास २ कोटी ९० लाख पत्रकं टाकली गेली आणि ८० हजारांहून जास्त इराकी सैनिक हाती आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून विजयाचे ढोल वाजवले जातात. जरा थांबा. जमिनीवरची लढाई सुरू होण्याआधी पाच आठवड्यांहून जास्त काळ बॉम्बफेक चालू होती, रसद तुटली होती, पाणी नव्हतं. पत्रकानं त्या हलाखीला दिशा दिली. त्यातली मला भावलेली युक्ती वेगळीच होती. एखाद्या डिव्हिजनचं नाव घेऊन 'उद्या तुमच्यावर बी-५२ विमानांची बॉम्बफेक होणार, जागा सोडा' असं पत्रक टाकायचं. दुसऱ्या दिवशी खरंच बॉम्बफेक करायची. मग नवं पत्रक: 'सांगितलं होतं. पुन्हा येणार आहोत.' धमकी खरी ठरली की त्याच शाईत छापलेलं अभयाचं वचनही खरं वाटू लागतं. एरवी सैनिकी खात्यात बॉम्ब टाकणारे आणि कागद टाकणारे एकमेकांशी बोलत नाहीत. इथे ते एका वेळापत्रकावर चालले.

१९७१ च्या बांगलादेश युद्धातही हेच सूत्र दिसतं. जनरल माणेकशा यांनी पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेला आकाशवाणीवरून आणि विमानांतून टाकलेल्या पत्रकांतून आवाहनं केली. त्यांचा सूर बघण्यासारखा आहे. शिवीगाळ नाही, फुशारकी नाही. तुम्ही वेढले गेला आहात, हवाई दल उरलेलं नाही, बंदरं बंद आहेत. तुम्ही नदीमार्गे निसटायला कुठे जमत आहात ते मला ठाऊक आहे आणि नौदलाला तशा सूचना दिल्या आहेत. शरण आलात तर सैनिकाला साजेसा मान आणि जिनिव्हा करारानुसार वागणूक. आणखी एक गोष्ट पाकिस्तानी जवानाला कुणी सांगायची गरज नव्हती: नऊ महिन्यांच्या अत्याचारांनंतर लोकांच्या किंवा मुक्तिवाहिनीच्या तावडीत सापडण्यापेक्षा भारतीय सैन्याच्या हाती लागणं कितीतरी सुरक्षित. १६ डिसेंबरला ढाक्यात सही झाली. तिथल्या पाकिस्तानी तुकड्यांना स्वसंरक्षणासाठी लगेच निःशस्त्र केलं नाही, त्यांनी हत्यारं रीतसर खाली ठेवली ती काही दिवसांनी. सुमारे ९३ हजार लोक कैदेत आले, त्यात नागरिकही होते, आणि पुढे ते परत पाठवले गेले. पत्रकात दिलेला शब्द पाळला गेला.

पैशाचं आमिष? त्याची कहाणी छोटी आणि गमतीची आहे. एप्रिल १९५३ मध्ये कोरियात अमेरिकनांनी मिग-१५ हे सोव्हिएत बनावटीचं लढाऊ विमान घेऊन येणाऱ्या वैमानिकाला ५० हजार डॉलर आणि पहिल्याला त्याच्या दुप्पट असं जाहीर केलं, दहा लाखांहून जास्त पत्रकं टाकली. कुणी आलं नाही. युद्धविरामानंतर, २१ सप्टेंबरला, नो कुम-सोक हा उत्तर कोरियाचा वैमानिक विमान घेऊन दक्षिणेत उतरला. बक्षिसाची त्याला कल्पनाच नव्हती.

कागद खाली पोचवणं ही स्वतंत्र विद्या आहे. पहिल्या महायुद्धात पत्रकं टाकणारे दोन ब्रिटिश वैमानिक जर्मनांनी पकडून त्यांच्यावर खटला चालवला, कैदेची शिक्षा दिली. त्यानंतर ब्रिटिशांनी विमानं थांबवून कागदी फुगे वापरले. फुग्याखाली पत्रकांच्या गड्ड्या बांधायच्या, सोबत हळूहळू जळणारी वात, वात सरकेल तशी एकेक गड्डी सुटायची. वारा पश्चिमेकडून असेल तेव्हाच काम. दुसऱ्या महायुद्धात सुरुवातीला विमानातून गठ्ठेच्या गठ्ठे ढकलत. उंचावरून सोडलेला कागद वाऱ्यावर कुठल्या कुठे जायचा. एका देशासाठी छापलेली पत्रकं दुसऱ्या देशात उतरायची. मग अमेरिकी हवाई दलातल्या कॅप्टन जेम्स मनरो यांनी जाड कागदाचं नळकांडं बनवलं. त्यात ८० हजारांच्या आसपास पत्रकं मावत, आणि ते जमिनीपासून हजार-दोन हजार फुटांवर फुटे. नेमकेपणा आला. अगदी एखाद्याच मोर्च्यावर टाकायची असतील तर तोफेच्या धुराच्या गोळ्यातली धुराची सामग्री काढून गुंडाळ्या भरायच्या.

पत्रकाचा आकारही उगाच ठरत नाही. लांबट पट्टी, साधारण सहा इंच बाय तीन इंच, योग्य जाडीच्या कागदाची असली की पडताना स्वतःभोवती गिरक्या घेते आणि तिचा वेग आणि वाहवत जाणं आधी हिशेबानं काढता येतं. चौकोनी कागद झोके खातो, कुठेही जातो. शिवाय पट्टी मुठीत मावते, टोपीच्या अस्तरात जाते. अनेक सैन्यांत शत्रूचं पत्रक जवळ बाळगणं हाच गुन्हा असतो, त्यामुळे ते लपवता येणं महत्त्वाचं. याच कारणानं 'हा कागद जवळ नसला तरी शरण येता येईल' हे वाक्य मी प्रत्येक मसुद्यात शोधायचो. कायद्यानंही तसंच आहे: हात वर करून आलेल्याला मारता येत नाही, त्याच्याकडे पास असो वा नसो. कागद सक्तीचा वाटला तर ज्याला तो मिळाला नाही किंवा ज्यानं भीतीनं जाळला तो खंदकातच बसून राहतो.

आणि कृतीच्या सूचना. इथे आळस चालत नाही. बंदूक कशी धरायची: नळी खाली, खांद्यावर उलटी अडकवून. मॅगझिन काढलेलं. दिवसा या, रात्री नको. एकेकटे किंवा लहान गटानं, मध्ये अंतर ठेवून. हात डोक्याच्या वर, तळवे उघडे. धावू नका. डोळ्यांपुढे अंधारी आलेला, तीन रात्री न झोपलेला माणूस हे वाचणार आहे, कदाचित त्याला वाचताही येत नसेल. म्हणून चित्रं, आणि चित्रांचा क्रम डावीकडून उजवीकडे की उलट, हे त्याची लिपी पाहून ठरवायचं.

यश मोजायचं कसं हा प्रश्न मला नेहमी विचारला जायचा. कैद्यांच्या खिशात किती पत्रकं सापडली हा सोपा आकडा, आणि फसवा. काही जण सिगारेट वळायला किंवा शौचाला कागद म्हणून उचलतात, काही जण पकडले जाण्याच्या क्षणी उचलतात. कैद्याला विचारलं तर तो विचारणाऱ्याला आवडेल तेच बोलतो. व्हिएतनाम युद्धात कम्युनिस्ट लढवय्यांना फोडण्यासाठी चालवलेल्या 'च्यू होई' मोहिमेत बाजू सोडून आलेल्यांची संख्या लाखाच्या वर दाखवली गेली, पण त्यात खरे लढवय्ये किती, पुन्हा पुन्हा येणारे किती आणि आकडा फुगवण्यासाठी आणलेले किती, यावर वाद आहेत. त्यातल्या त्यात भरवशाची खूण वेगळी असते: शत्रूचे अधिकारी पत्रकांविरुद्ध हुकूम काढायला लागले, गोळा करून जाळायला माणसं लावायला लागले, की समजावं काहीतरी लागतंय.

राहिला आजचा प्रश्न. कागद संपलेला नाही, पण आता तो फोनकडे नेतो. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेननं 'मला जगायचंय' या अर्थाच्या नावाची सेवा सुरू केली: रशियन सैनिक किंवा त्याचे नातेवाईक फोन करू शकतात, टेलिग्रामवर लिहू शकतात, शरण येण्याची जागा-वेळ आधी ठरवू शकतात. पत्रकांवर क्यूआर कोड छापले जातात. पहारेकऱ्याचा जुना प्रश्न यानं बराच सुटतो, कारण कोण कुठून येणार हे समोरच्या तुकडीला आधीच कळवता येतं. धोकाही नवा आहे. खंदकात फोन चालू करणं म्हणजे आपल्याच लोकांना सुगावा लागणं. त्यामुळे ड्रोनला शरण जायच्या सूचनाही निघाल्या. ड्रोन दिसला की हत्यार टाकून हात वर करा, तो नेईल तिकडे हळू चाला. मध्येच बॅटरी संपत आली तर ड्रोन माघारी जाईल. घाबरून पळू नका, तिथेच थांबा, तो परत येईल किंवा दुसरा येईल.